नदीत कोणी जायचं?

कौसल्याताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पुस्तकाला रागावत होत्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. अनसिंगजवळच्या आमच्या गावात एक खासगी शाळा होती. तिथे मी, बांगड्या विकणाऱ्या मन्यारांची रझिया, नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत एक बाई हातातल्या कादंबरीला विचारत होत्या, "असं काहून लिहून राह्यली वं तू?" मला पाहून त्या ओशाळल्या वगैरे मुळीच नाहीत. "बसा बाई. या लेखिकेशी भांडण चालू हाय माहं. पण पुस्तक काही सोडवत नाही."

ती कादंबरी अमेरिकेतल्या एका काळ्या गुलाम बाईची होती, मराठीत भाषांतर होऊन आलेली. कापसाच्या शेतात राबणारी बाई, मालकानं अब्रू घेतलेली. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ताईंच्या 'समाजकार्या'वर पुष्कळ जण लिहितील. मला तो शब्द गुळमुळीत वाटतो. ताईंनी केलं काय, तर रविवारी दुपारी बुद्धविहाराच्या ओसरीत बायांना ती कादंबरी वाचून दाखवली. तेवढ्यानंही गाव हललं.

आमच्याकडे कोणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणत राहावं लागतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. ताई पुस्तक वाचत, तरी बाया हुंकार देतच. कापूस वेचून बोटं चिरलेल्या त्या बाया, त्यांच्यात माझी आईही बसायची. "या अल्ला, तिथं बी कापूसच का!" ती हळहळायची.

एका रविवारी ते प्रकरण आलं. अब्रू गेलेली ती बाई लाजेपायी नदीकडे निघते. ताईंनी वाक्य वाचलं आणि हुंकार आलाच नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग मजुरी करणाऱ्या गयाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आमी नाही देत हुंकार. पाप त्याचं अन् नदीत हे कायले जाते? जाय म्हणा त्याले!"

"मले बी तेच वाटते गयाबाई," ताई म्हणाल्या. "पण लेखिकेनं असंच लिहिलं."

"तं मिटवा ते पुस्तक. आता माहं ऐका."

गयाबाईंनी काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा. एवढंच लिहिते, की कोणाच्या वावरात काय झालं ते त्यांनी नावानिशी सांगितलं आणि ते नाव आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या भावाचं होतं. ताईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि गयाबाईंना शेवटपर्यंत हुंकार दिला.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी ताईंना बोलावलं. मीही त्या दिवशी ओसरीत होते म्हणून मलाही. ताईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी विधवा आई, शिकणारे दोन भाऊ, आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. अध्यक्षांनी चहा मागवला. आवाज अगदी गोड. "बाई, अडाणी बाया. कादंबरी ऐकून डोकं फिरलं त्यांचं. गयाबाईनं पुस्तकातलंच उचलून सांगितलं, एवढं लिहून द्या. उद्या नोकरी कायम करतो."

ताईंनी चहाला हात लावला नाही. "साहेब, ते पुस्तक मी दोनदा वाचलं. तुमच्या भावाचं नाव त्यात कुठंच नाही."

मला हसू फुटलं. भीतीनं का कशानं, कोण जाणे. अध्यक्ष माझ्याकडे वळले, "रझियाबाई, तुमी तरी शहाण्या हा." मी म्हटलं, "मी बी ऐकलं साहेब. गयाबाई खऱ्या हायेत."

मला ताकीद मिळाली. ताईंची नोकरी गेली. पुढे वर्षभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले, भावांची शाळा मात्र सुटू दिली नाही. ताई प्रेमळ आहेत असं गौरवलेखात लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिते. त्याच तंगीत त्यांनी माझ्या पहिल्या बाळाला स्वतःच्या लुगड्याची दुपटी शिवून दिली, वर दम दिला, "पैशाचं नाव काढशील तं बोलणार नाही." नंतर आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत त्यांना जागा मिळाली आणि तिथूनच त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. पण विहारातल्या वाचनासाठी अनसिंगकडची बस दर रविवारी धरायच्या.

अध्यक्षांच्या भावाला शिक्षा झाली नाही. सत्काराचा ग्रंथ आहे म्हणून गोड शेवट कुठून आणू? त्याची मला आजही चीड येते. मात्र नोकरी गेल्यावरच्या रविवारी ताई विहारात आल्या, तेव्हा ओसरी पुरली नाही. बाया अंगणात उन्हात बसल्या होत्या आणि पुढे सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं गयाबाई. त्या नदीत गेल्या नाहीत. शेवटपर्यंत त्याच गावात राहिल्या, लेकीला शिकवलं, नातवंडं खेळवली.

ताई, तुमचे गुडघे दुखतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही उगाच पुढे ढकलता आहात. ते करून घ्या. शतायुषी व्हा असं सगळेच म्हणतील. मी मागते ते असं, की ज्यांना ज्यांना तुम्ही गप्प हव्या होतात, त्या सगळ्यांहून जास्त जगा. धडधाकट जगा, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत राहा.