पूर्ण वाक्यात उत्तर

सातवीची मुलं बाईंना पाठीमागे चेटकीण म्हणायची. फळ्याकडे तोंड करून गणित लिहिता लिहिता, मागच्या बाकावर कोण काय खातंय ते बाई न वळता सांगायच्या, म्हणून. आता त्यात चेटूक कसलं? बावीस वर्षं एकाच वयाची मुलं शिकवली की पाठीला डोळे फुटतात. डबा उघडल्याचा आवाज वेगळा, कंपासपेटी उघडल्याचा वेगळा. पण मुलांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाई चेटूक करायच्या. फक्त वर्गात नाही.

वर्गात एकदाच केलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. वर्ग काही केल्या गप्प बसेना. मग एका क्षणी सगळे चुकून एकदमच थांबले, आणि बाईंनी टेबलाखाली दोऱ्याची गाठ ओढली. वर्ग गप्प झाला तो झालाच. मधल्या सुट्टीत बासष्ट मुलं मैदानावर पुतळ्यासारखी उभी, कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही. मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षिकेच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं, आणि नवी शिक्षिका स्वच्छतागृहाची कडी लावून, घामाघूम होऊन, नखांनी ती गाठ सोडवत बसली. तेव्हापासून शाळेत चेटूक बंद. शिपाईकाकांच्या दाढेचा अपवाद.

ही विद्या त्यांना मावशीने दिली होती. मावशी आता नाही. विद्या दिसायला सोपी होती. साधा सुती दोरा घ्यायचा, सैल फास करायचा आणि वाट बघायची. हवी ती गोष्ट समोर आली की त्याच क्षणी ओढायचं. दाढ ठणकायची थांबते तो क्षण, घाबरलेलं माणूस शांत होतं तो क्षण. गाठ काही नवं आणत नाही, असलेलं धरून ठेवते. सुरगाठ आठवडाभर टिकते आणि एका झटक्यात सुटते. निरगाठ जन्मभर टिकते, पण ती एका माणसाला एकच. मारली त्याच हातांनी सोडवायची, सुई-कात्री लावायची नाही. आणि एकदा सोडली की त्या माणसासाठी आपली विद्या संपली.

मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती बाईंनी वहीत लिहूनसुद्धा घेतली होती. शब्द धरायचा असेल तर शब्दावरच ओढायचं, माणसाचं बोलणं संपायची वाट बघायची नाही.

बाई आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. शिवणकाम करायची. आईचं विसरणं वाढलं तसं तिने आपलं मशीनच तिथे आणून खिडकीशी मांडलं. ताई शाळेत जायची तेव्हा ही आईजवळ असायची.

आई आधी वस्तू विसरली, मग वार, मग शेजारी. एके दिवशी मशीनवर बसलेल्या धाकटीकडे बघून ती म्हणाली, "शिंपीणबाई, बाह्या जरा सैल ठेवा हं." धाकटीने मान खाली घालून टीप पुरी केली आणि म्हणाली, ठेवते.

बाई दारातून ऐकत होत्या. आज ही, उद्या मी. आईसाठी निरगाठ एकच होती. ती धाकटीसाठी वापरावी, तिचं नाव आईच्या ओठांवर परत येईल त्या क्षणाची वाट बघावी, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण ते नाव परत येईलच कशावरून? आपलं अजून आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? असा हिशोब त्यांनी मांडला. बरोबर होता. तरीही दुसऱ्या दिवशी धाकटीच्या रिळावरून हातभर दोरा तोडून घेताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सकाळची वेळ होती. बाई शाळेच्या कपड्यांत, बूट घालून आईच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसल्या. मांडीवर दोरा, दोऱ्याला सैल फास.

"मी कोण, सांग बघू," त्या म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू माझी थोरली," ती म्हणाली.

इथे ओढायचं होतं. मावशीने ओढलं असतं, दुसऱ्या कुणीही ओढलं असतं. पण बावीस वर्षं बाई मुलांना एकच गोष्ट सांगत आल्या होत्या. उत्तर नुसतं 'बारा' लिहायचं नाही, 'म्हणून टाकीत बारा लिटर पाणी उरले' असं पूर्ण लिहायचं. मूल अर्ध्यावर थांबलं की त्यांची मान आपोआप हलायची, हं, पुढे? ती मान आत्ताही हलली. आईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं, दाराशी टेकवलेल्या पिशवीकडे पाहिलं, आणि उत्तर पुरं केलं. "तू माझी थोरली. शाळेला उशीर होईल तुला, नीघ बघू."

आणि बाईंनी गाठ ओढली.

पहिले चार दिवस त्या हवेत होत्या. घरात पाऊल टाकलं की "तू माझी थोरली" कानावर पडायचं. पुढचं वाक्य त्यांनी मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी रविवार आला. बाई आईजवळ चहा घेऊन बसल्या, तर आई म्हणाली, शाळेला उशीर होईल. आज सुट्टी आहे, बाईंनी समजावलं. आईने मान हलवली आणि परत तेच, त्याच शब्दांत, त्याच काळजीने. पाच मिनिटांत ती उठून पिशवी शोधायला लागली. बाई घरात असेपर्यंत तिला चैन पडेना. बाई दाराबाहेर गेल्या आणि आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. गेली बाई एकदाची वेळेवर.

मग संध्याकाळीही तेच. बाई शाळेतून दमून यायच्या, आई त्यांना ओळखायची आणि घालवून द्यायची. शेवटी त्या जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसून वह्या तपासायला लागल्या, आणि आई झोपली की आत शिरायच्या. शेजारी ये-जा करताना विचारायचे, किल्ली विसरलात का? त्या हो म्हणायच्या. रोज किल्ली विसरणारी गणिताची शिक्षिका. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

आतून मशीनचा आवाज यायचा आणि आईचा. शिंपीणबाईशी तिच्या गप्पा रंगात यायच्या. लहानपणी विहिरीत पडलेला चेंडू, कुणाच्या तरी लग्नात हरवलेला बूट, असं काहीबाही. मध्येच दोघी हसायच्या. हसू थांबलं की मशीन पुन्हा सुरू व्हायचं. बाई लाल पेन हातात धरून ऐकत राहायच्या. आपल्याला ती ओळखते म्हणून आपण जिन्यात, हिला ओळखत नाही म्हणून ही आत. हे गणित कुठल्या इयत्तेचं?

एकदा त्यांनी धाकटीला सगळं सांगून टाकलं. एकच गाठ होती तेसुद्धा. धाकटी कापडावर खडूने रेघा मारत राहिली.

"म्हणजे एकच होती, आणि ती तू स्वतःला घेतलीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि तीही नासवलीस." तिने खडू खाली ठेवला. "तुला ओळखते तरी, ताई. मी दिवसभर तिच्यासमोर असते आणि ती मला विचारते, तुम्हाला आई आहे का."

 बाईंनी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, पण ही चूक कुठल्या पायरीवर खोडायची ते कळेना.

वर्गात त्या आठवड्यात पाण्याच्या टाकीचीच गणितं चालू होती. चिमणी नावाने ओळखली जाणारी एक बारीक आवाजाची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "अठरा." सवयीने ती पुढचं वाक्य जुळवायला लागली, तसा बाईंनी हात वर केला. "अठरा. बस, एवढं पुरे." वर्गात कुजबुज झाली. बाईंना बरं नाही, वाटतं, मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते बाईंना न वळता कळलं. पण त्यांनी पुढचं गणित फळ्यावर लिहायला घेतलं.

पुढच्या गुरुवारी आई पडली. बाई दारात येऊन बूट काढत होत्या. आई म्हणाली, उशीर होईल, आणि ते बूट परत त्यांच्या पायात घालायला खाली वाकली. तोल गेला. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि कपाळाला खोक पडली. धाकटी ओला कपडा आणायला धावली. आई जमिनीवर बसून, कपाळातून रक्त येत असताना, बाईंच्या बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होती. एका हाताला जमत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखतंय म्हणून नाही, उशीर होतोय म्हणून.

बाईंना त्याच पावली बाहेर जावं लागलं. त्या असेपर्यंत आई कपाळाला हात लावू देईना. जिन्यात उभं राहून त्यांनी आईचं कण्हणं ऐकलं आणि धाकटीचं समजावणं.

इकडे आड, तिकडे विहीर. गाठ सोडली तर तिच्या आधाराने टिकलेली ओळख जाणार, आईला आपण कुणीच नाही, आणि हे कायमचं. नाही सोडली तर आई जन्मभर उशिराच्या काळजीत. त्या दोन दिवस शाळेत जात राहिल्या, हजेरी घेत राहिल्या. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात बसल्या, कंपासपेटीतून दोरा काढला आणि नखांनी गाठ टोकरू लागल्या. नखांत खडूची भुकटी होती. गाठ लहान, घट्ट, धाकटीच्या चांगल्यातल्या दोऱ्याची. शिपाईकाका खोल्या बंद करायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, सुई आणून देऊ का? नको म्हणाल्या. बराच वेळ गेला. एकदा त्यांना वाटलं, सुटूच नये. आणि तेवढ्यात ती सैल झाली.

दोरा सरळ झाला. वाकडेपणा राहिला होता, मधोमध, गाठ होती तिथे.

घरी आल्यावर दार धाकटीने उघडलं. तिने ताईचं तोंड पाहिलं आणि ती बाजूला झाली. आई खुर्चीत होती, कपाळावर पट्टी. बाई उंबऱ्यातच थांबल्या. बूट काढायचा धीर होईना.

आईने पाहिलं, नीट निरखून पाहिलं. "कोण हवंय आपल्याला?" तिने विचारलं.

 धाकटीच मागून म्हणाली, "त्या शाळेतून आल्यात."

"अगं बाई, माझ्या थोरलीच्या शाळेतून? या ना, आत या. बूट काढा, बसा निवांत." आईने शेजारची खुर्ची सुजलेल्या हातानेच पुढे ओढली. "ती येईल एवढ्यात. हल्ली काय होतं तिला कोण जाणे, येते आणि लगेच जाते. दोन घटका बसत नाही माझ्याजवळ. तुम्हीच सांगा तिला."

"सांगते," बाई म्हणाल्या.

त्यांनी बूट काढले आणि त्या खुर्चीवर बसल्या. खिडकीशी मशीन सुरू झालं, मग दोरा तुटला म्हणून थांबलं. धाकटी पाठमोरी बसून तो ओवत राहिली, एरवी एका दमात ओवणारी. आईने बाईंचा हात हातात घेतला, त्यावरचा खडू अंगठ्याने पुसला आणि विहिरीत पडलेल्या चेंडूची गोष्ट सुरू केली. बाईंना ती शेवटापर्यंत पाठ होती. ऐकता ऐकता, मध्ये मध्ये, आई दाराकडे बघत होती. बाईंचीही नजर मग तिकडेच जाई.