संतरामनं जोडलेली पिन

तीस वर्षं जे काम गावानं तुमचंच मानलं, ते एका सकाळी लेकीच्या वयाच्या पोरीला दिलेलं तुम्ही कधी उघड्या डोळ्यांनी बघितलंय? बघितलं नसेल, तर संतरामला हसू नका. बघितलं असेल, तर त्या दिवशी त्याच्या पोटात काय पेटलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जवळा बाजारला बस थांबते, तिथून बाजाराच्या मैदानाकडं वळलं की डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं दुकान. दारात पाण्याच्या जळक्या मोटारींचा ढीग, आत तांब्याच्या तारेचा आणि व्हार्निशचा वास. सातवीत शाळा सुटली. औंढ्याला एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं शिव्या खाल्ल्या. मग गावात आला आणि विहिरीवरची मोटार, मांडवातली लायटिंग, देवळावरचा भोंगा, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, काही जळालं तर लोक लाईनमनच्या आधी त्याच्याकडं पळायचे. करंट संतरामला ओळखतो म्हणायचे. त्याला ते खरंच वाटायचं.

किशनराव गुरुजींच्या घरात तर पाया भरल्यापासून प्रत्येक तार त्याची. म्हणून रिटायर झालेल्या गुरुजींनी बॅटरीवरची पांढरी कार आणून अंगणात उभी केली, तेव्हा चार्जिंगचं काम आपल्याकडंच येणार हे त्यानं धरून ठेवलं. दोन दिवस तो दाढी करून दुकानात बसला. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या फाटकाशी एक स्कूटी येऊन थांबली.

स्कूटीवरून उतरली पुनम. शिरड शहापूरच्या भीमराजची सून. आयटीआय केलेली, नांदेडला चार्जिंगच्या कामाचं शिकून आलेली. कमरेला हत्यारांचा पट्टा, खांद्याला मीटरची पिशवी. संतराम समोरच्या पानटपरीवर जाऊन उभा राहिला. टपरीवाल्या भागवतला त्यानं तिचं आडनाव दोनदा विचारलं. आपल्याकडं आडनाव काहून विचारतात, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

"संतरामभाऊ, तुमच्या हद्दीत खोदकाम चालू हाय," भागवत चुना लावता लावता म्हणाला.

"खोदू दे. बाईमाणूस हाय, चूल घालून राहिली असंल."

भागवत हसला. संतराम हसला नाही. कारण त्याचे डोळे खड्ड्यावर होते, आणि खड्डा बरोबर होता. पुरुषभर खोल, मधे नळी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी ओतायला नरसाळं. घरातून उतू गेलेला करंट मातीत मुरावा म्हणून असं अर्थिंग करतात. असा खड्डा त्यानं उस्तादाकडं एकदा बघितला होता. स्वतः आयुष्यात एकही केला नव्हता. करा म्हणणारा कुणी भेटला नाही, आणि न करता भागत होतं. ती गोष्ट त्याला जास्त झोंबली. पोरीनं चूक केली असती तर त्याला बरं झोपता आलं असतं.

पुनमनं भिंतीवर पेटी बसवली, सॉकेट बसवलं, मीटर लावून दोनदा तपासलं आणि गुरुजींना समोर बसवून सांगायला लागली. गुरुजी वही घेऊन लिहीत होते. चाळीस वर्षं ज्यांनी गावाला लिहायला लावलं ते. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवा, लांब जायचं असंल तरच पूर्ण भरा. उन्हातून आल्या आल्या लावू नका, गाडी घटकाभर निवू द्या. जोडवायर लावायची नाही. अधूनमधून प्लगला उलटा हात लावून बघा, चटका बसला तर बंद करा. चाकातली हवा बघत जा. धुताना चार्जिंगच्या तोंडात पाण्याची धार मारू नका.

"अन् हे शेवटचं सगळ्यात मोठं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात दर आठ दिवसाला खड्ड्यात दोन घागरी पाणी. माती वाळली की अर्थिंग मेलं. मग पेटीवर लाल लाईट येईल. लाल आली की मला बोलवायचं, दुसरीकडं कुठं लावायचं न्हाई."

"गाडी घेतली का म्हैस?" संतराम टपरीवरून मोठ्यानं म्हणाला. दोघेतिघे हसले. पुनमनं वळून बघितलं.

"म्हैसच समजा मामा. पाणी लागतंयच."

आता दोघेतिघे तिच्या बाजूनं हसले. त्या दिवसापासून संतरामला पांढरी गाडी दिसली की तोंड कडू व्हायचं. गाडी आवाज न करता जायची, तेही त्याला टोमण्यासारखं वाटायचं. दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस विचारायचा, "गुरुजींच्या घरचं काम तुमी न्हाई केलं?" संतराम म्हणायचा, "मला वेळ नव्हता." ढीगभर जळक्या मोटारींत बसलेल्या माणसानं असं म्हणणं किती खोटं दिसतं, हे त्यालाही कळायचं. पुनम औंढ्याला एका लॉजवर चार्जिंग लावून गेली, त्याची बातमी त्याला कुणी सांगावी लागली नाही. तोच कान लावून होता.

मे आला. जमिनीला भेगा, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गुरुजींच्या मंडळी जनकाबाई एकेक तांब्या मोजून वापरायच्या. गुरुजी घागर घेऊन खड्ड्याकडं निघाले की त्या आडव्या यायच्या.

"माणसाला प्यायला न्हाई अन् मातीत ओतून राहिले. ठेवा तिथं."

गुरुजींनी ठेवली. एकदा ठेवली, दोनदा ठेवली, मग विसरले. आपल्या भागातल्या कुठल्या घरानं वेगळं केलं असतं?

एका रविवारी दुपारी पेटीवर लाल लाईट लागली. सोमवारी पहाटे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं, तिथून पुढं पाहुण्यांकडं. गाडीत चार्जिंग थोडं. पुनमचा फोन लागेना. गुरुजींनी शेवटी संतरामला निरोप धाडला.

तो आला तो सावकाश आला. सगळ्या गल्लीला दिसेल असा. पेटी बघितली, लाल लाईट बघितली, मग खड्ड्यापाशी जाऊन बसला. नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. मातीत बोट जाईल एवढी भेग. एका नजरेत त्याला सगळं कळलं. दोन घागरी पाण्याचं काम होतं. पण पाणी ओतलं आणि लाईट हिरवी झाली, तर पोरगी खरी ठरत होती.

"काय बिघडलंय?" गुरुजींनी विचारलं.

"पेटीच फालतू हाय," संतराम म्हणाला. "गाडीसंगं आलेला चार्जर इकडं आणा. आपल्या ओसरीतल्या बोर्डाला लावू. माझ्या हातचा हाय तो."

ओसरीतल्या बोर्डाला अर्थिंगची तार नव्हतीच. चार्जरनं तिथंही लाल दाखवलं. संतरामनं बोर्ड खोलला, बोटभर तारेचा तुकडा घेतला आणि अर्थिंगच्या मोठ्या पिनेची जागा न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडून टाकली. चार्जरला वाटलं, अर्थिंग आहे. लाईट हिरवी झाली.

"पाच मिनिटं," तो हात झटकत म्हणाला. "सर्टिफिकेट लागत न्हाई याला."

जनकाबाईंनी चहा दिला. भागवतनं टपरीवरून हात वर केला. कित्येक महिन्यांनी संतरामचा चहा गोड लागला. त्या तुकड्यानं काय होऊ शकतं हे त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नका. पक्कं माहीत होतं. डीपीकडून येणारा न्यूट्रल जोवर शाबूत आहे तोवर काही होत नाही. तो तुटला की घरातला करंट परतीची वाट शोधत त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबरी चाकांवर उभी, तिला काही होत नाही. जो हात लावील तो मातीवर उभा असतो. पण न्यूट्रल काय रोज तुटतो? एवढंच म्हणून तो दुकानात येऊन बसला.

पाचच्या सुमाराला वावधान उठलं. धुळीनं मैदान दिसेना. दुकानातला बल्ब एकदम दुधासारखा पांढरा झाला, पंखा भणाणला, आणि शेजारच्या किराणा दुकानातली ट्यूब विझत विझत पिवळी पडली. एकाकडं जास्त, दुसऱ्याकडं कमी. ही खूण संतरामनं कितीदा लोकांना समजावून सांगितलेली. डीपीवरचा न्यूट्रल गेला. आणि गुरुजींची गल्ली त्याच डीपीवर.

तो स्वतःची मोटारसायकल काढायलाही थांबला नाही, पळत सुटला. चपला दुकानात राहिल्या. फाटकातून आत शिरला तेव्हा जनकाबाई धूळ पुसायला ओलं फडकं पिळत गाडीकडं चालल्या होत्या. अनवाणी. अंगणात नुकताच सडा मारलेला.

"वैनी, थांबा. गाडीला हात लावू नका. मागं व्हा."

"काहून भावजी?"

तो उत्तर द्यायला थांबला नाही. ओसरीत घुसून त्यानं दोन्ही तारा तोडणारा जुना लोखंडी मेन खाली ओढला. मग खिशातून टेस्टर काढून गाडीच्या दाराला लावला. विझलेला. तेव्हा कुठं तो पायरीवर बसला.

गल्ली जमली. लाईन बिघडली, गुरुजींच्या गाडीत करंट उतरणार होता, संतराम पळत आला म्हणून बाई वाचली, एवढं लोकांना कळलं. गुरुजींचे डोळे भरून आले.

"ती पोरगी कुठं अन् तू कुठं, संतराम," ते म्हणाले. "तुलाच बोलवायला पायजे होतं पहिल्यांदा. माझं चुकलं."

बघा आता. हेच वाक्य ऐकायला त्यानं सगळा हिवाळा आणि उन्हाळा जाळला होता. ते आपणहून दारात आलं होतं, चारचौघांत. त्यानं नुसती मान हलवायची होती. बोर्ड बंद होता. आतला तुकडा काढून घ्यायला त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं.

जनकाबाई अजून ते फडकं हातात धरून उभ्या होत्या. फडक्यातून पाणी टपकत होतं.

संतराम उठला. त्यानं बोर्ड खोलला आणि तो तारेचा तुकडा गुरुजींच्या तळहातावर ठेवला.

"लाईननं न्हाई मारलं असतं वैनीला. यानं मारलं असतं. हे म्या लावलंय. तिचा खड्डा बराबर हाय, वाळलाय फक्त. मला दिसला होता. मी बोललो न्हाई."

भागवत टपरीकडं परत गेला. गुरुजी तळहाताकडं बघत राहिले, मग आत निघून गेले.

दर्शन राहिलं. रात्री पुनमचा फोन लागला, आणि सकाळी ती आली तेव्हा संतराम खड्ड्यापाशीच होता. जनकाबाईंनी स्वतः घागर भरून दिली होती. पुनमनं मीटर लावलं, आकडा बघितला, अजून एक घागर ओतायला लावली. पेटी हिरवी झाली.

"मामा, असे तुकडे अजून कुठं कुठं हायेत?"

तिनं टोमणा मारला नाही. मारला असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. फ्रीज होता तिथं, कूलर होता तिथं, पिठाची गिरणी. पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार आली की तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. बोटं संपली, मग कागदावर यादी केली.

आता तो दुकान दुपारी बंद करतो आणि घरोघर फिरतो. मेन पाडतो, बोर्ड उघडतो, तुकडा काढतो, आणि "हे म्या केलं होतं" म्हणून सांगतो. खड्ड्याचं काम पुनमला सांगतो. ते सांगताना अजूनही त्याच्या तोंडाची चव जाते. जळणारं माणूस एका दिवसात विझत नाही. काही घरं त्याला दारातूनच परत लावतात, काही वर शिव्या देतात. तो यादीवर खूण करतो आणि चार दिवसांनी पुन्हा जातो.

म्हणून एक करा. तो तुमच्या दाराशी आला तर त्याला हाकलू नका, आत घ्या आणि बोर्ड उघडू द्या. आणि त्याची पायपीट पोचत नाही अशा गावात तुम्ही राहत असाल, तर ज्यानं तुमच्या घरात तारा ओढल्या त्याला या आठवड्यात बोलवा आणि तोंडावर विचारा, माझ्या घरात तुझा असा तुकडा कुठं आहे.