ओबोची दुसरी खुर्ची

रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ईनिड लक्स्टनच्या ओठांत ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची वेताची पत्ती असायची. ती भिजेपर्यंत ईनिड कुणाशी बोलत नसे, आणि तेवढ्या वेळात गावातही तिला कुणी हाक मारत नसे.

हेरफर्डशायरमधल्या त्या गावाचा हौशी वाद्यवृंद दर उन्हाळ्यात एक सेरेनेड, संध्याकाळी वाजवायची हळुवार रचना, वाजवायचा. सुरुवातीलाच ओबोची लांबलचक धून, कुरणावरून सावकाश चालत गेल्यासारखी. ती ईनिडनेच वाजवायची, हे ठरलेलं. यंदा मात्र हिवाळ्यातल्या न्यूमोनियानंतर तालमीत तिचा श्वास धुनेच्या मध्येच सरला. वाद्यवृंद चालवणारे पाद्रीबुवा उगाच पानं चाळत राहिले. तिला सांगायचं कुणी?

चहाच्या सुट्टीत शेजारच्या खुर्चीत दुसरा ओबो वाजवणाऱ्या ग्वेंडाला, खाटकाच्या बायकोला, ईनिड म्हणाली, "ऊठ. माझ्या जागेवर बस."

"असं काय करता, मिस लक्स्टन? निम्मं निम्मं वाजवू."

"निम्मी धून कुणाला हवीय? इतकी वर्षं माझ्या सर्दीची वाट बघत होतीस ना?"

ग्वेंडा हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. तिची समजूत काढायचंही त्राण ईनिडमध्ये नव्हतं.

कार्यक्रमात धून ग्वेंडाने वाजवली. ईनिड दुसऱ्या खुर्चीत खालचा सूर धरून होती. तो तिचा शेवटचा उन्हाळा. कार्यक्रमानंतर ईनिड कपबशा विसळत असताना ग्वेंडा जवळ घुटमळत राहिली, तेव्हा ईनिड म्हणाली, "दुसऱ्या श्वासाला घाई करतेस. बाकी ठीक. आता ते दार लाव, वारा येतोय."