पुढच्या कॅमेऱ्यातला कौल

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला माझ्या सासूने, नवऱ्याने आणि भाजीवाल्याने वेगवेगळ्या वेळी ऐकवून झालं आहे. त्यातल्या त्यात भाजीवाल्याने आदराने ऐकवलं. मला त्यात लाज वाटत नाही. हल्ली जो संशय घेत नाही त्याच्या खात्यातून पैसे जातात, आणि मग तो सोसायटीच्या ग्रुपवर रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकतो. मी असलं चित्र अजून टाकलेलं नाही.

बाबा गेल्यापासून आई घाटकोपरच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहायची. मी समोरच्याच इमारतीत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते. धाकटा भाऊ बोरिवलीला, उंच टॉवरमध्ये. आईने आपल्याकडे राहायला यावं असं त्याने धरून ठेवलं होतं आणि तिने इथून हलू नये असं मी. त्यातच आईची इमारत पुनर्विकासाला जाणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि भावाचं मातृप्रेम नेमकं त्याच सुमारास उतू जायला लागलं. संशय घेऊ नको तर काय करू?

मी रोज संध्याकाळी खिडकीतून विचारायचे, "काय गं, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आसंय मी. माका काय होतला?" आणि मी कुकर लावायला वळायचे.

तिचा जुना फोन मेला तेव्हा आमच्या भांडणाला चांगलं निमित्त मिळालं. भावाने त्याच्या आवडत्या कंपनीचा फोन आणला आणि मी माझ्या. दोन्ही तिच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, थोडे दिवस दोन्ही वापर, जो आवडेल तो ठेव.

भावाचा फोन पुढून काच, मागून काच. दिसायला झकास, यात वाद नाही, पण हातात घेतला की साबणाच्या वडीसारखा सटकायचा. पलंगावर ठेवला तर कुणी हात न लावता कडेला सरकत जायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यात मागे जायचं बटण नाही. काठावरून बोट ओढायचं, तेही ठरावीक जागेवरून. आई बोट ओढायची आणि भलतीकडेच पोचायची. शिवाय त्यात 'कुटुंब' नावाची सोय होती. एकदा का आई त्या कुटुंबात गेली की ती कुठे आहे, कुठे गेली, सगळं भावाला बोरिवलीत बसून दिसणार. मी म्हटलं, "अरे, आई आहे ती, कुरिअर नाही."

माझा फोन पाठीमागून साध्या प्लास्टिकचा. पडला तर टप्पा घेतो, फुटत नाही. मागे जायचं बटण खाली समोर. रिंग एवढी मोठी की खालच्या मजल्यावरच्या काकू उठून बघतात. भाऊ म्हणाला, "ताई, यार, हा फोन आहे की जाहिरातींचा बोर्ड? उघडला की जुगार खेळा, मिटला की फोन साफ करा." हे खोटं नव्हतं. तो फोन दर थोड्या वेळाने घाबरवायचा की मी मंदावलोय, माझ्यात कचरा साठलाय, लगेच बोट लावा. आणि त्याचा कॅमेरा न सांगता माणसाला सुंदर करायचा. आईच्या सुरकुत्या जाऊन ती एकदम लग्नातल्या फोटोसारखी गुळगुळीत दिसायला लागली. मला ते आवडलं होतं.

खरं तर दोन्ही फोन आमचं बोलणं ऐकतात असा माझा पक्का संशय होता. आईने एकदा माझ्याशी कुकरच्या शिट्टीचं रबर गेल्याबद्दल तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर कुकरच कुकर. भावाने त्यावर मला लांबलचक शास्त्र समजावलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि तेव्हापासून कुकरबद्दल बाल्कनीत जाऊन बोलते.

आईने मात्र फोनांची परीक्षा आपल्या पद्धतीने घेतली. फोटो, गाणी, कसलंच काही तिने बघितलं नाही. दोन्ही फोन हॉलमध्ये ठेवायचे, आपण न्हाणीघरात जायचं, दार लोटायचं आणि आतून हाक मारायची. "लेकीक फोन लाव!" भावाचा फोन गप्प. त्याला काहीतरी इंग्रजी नावाने हाक मारावी लागायची आणि ते नाव आईच्या तोंडात बसेना. माझ्या फोनला भावाने मराठी शिकवून ठेवलं होतं, हे त्याला नंतर फार महागात पडलं. तो तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा आणि माझ्या घरी घंटी वाजायची. मी उचलून म्हणायचे, "काय झालं?" आतून आई म्हणायची, "काय नाय, बघत होतंय." मी हसून हसून लोळायचे. नवऱ्याला सांगायचे, आईने न्हाणीघरात प्रयोगशाळा काढलीय.

एकदा तिने आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "माणूस पडलो तर ह्याका कळता काय?"

मी म्हटलं, "फोन पडला तर तुला कळेल, एवढं नक्की."

भाऊ म्हणाला, त्याच्या कंपनीचं घड्याळ मनगटावर बांधलं तर कळतं, ते आपणहून घरच्यांना कळवतं. मी म्हटलं, झालं, आता घड्याळही खपवणार. शेवटी आईने मी आणलेला फोन ठेवून घेतला. मी ही बातमी नणंदेपर्यंत पोचवली.

भाऊ शांतपणे म्हणाला, "ठीक आहे ताई. फोन तुझा राहू दे, आई माझ्याकडे येऊ दे." आणि जो तमाशा व्हायचा तो झाला. मी पुनर्विकास काढला, त्याने माझ्या घरच्या लोणच्या-पापडांचा हिशेब काढला, म्हणजे आई मला फुकटात राबायला हवी असते, असं. आई मध्ये बसून लसूण सोलत होती. सोलून झाल्यावर म्हणाली, "गावाक जावया. देव सांगतलो तसा करूया."

हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. देवाचा नुसता उभा पाषाण आहे, नाक-डोळे नाहीत, हातात शस्त्र नाही. गुरव त्याच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होय, डाव्या अंगाची पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं यावर ठरली आहेत आणि मोडलीही आहेत. मी फोनवर विश्वास ठेवत नाही, पण कौलावर ठेवते. हसायचं असेल त्याने हसावं.

मला ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून भाऊच आईला घेऊन गेला. ते निघताना मी बजावलं, कौल लावताना व्हिडिओ काढ, आईच्या फोनवर काढ, आणि लगेच पाठव. "तुझ्या फोनवर नको," हेही म्हटलं. तो नुसता हसला.

दुपारी त्याचा फोन आला. "उजवा दिला देवाने. आई माझ्याकडे येतेय." मग आई फोनवर आली. "उजवो दिल्यान गो." तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पाकळी काय दिसणार? तिला जे सांगितलं ते ती सांगत होती, असं मी लगेच ताडलं.

मग व्हिडिओ आला. फोन देवळाच्या खांबाला टेकवून ठेवलेला. समोर गाभारा, मध्ये पाषाण, दाराजवळ आई बसलेली, गुरवाचं गाऱ्हाणं चाललेलं. पाकळी पडली.

ती देवाच्या डाव्या अंगाची होती.

मी पुन्हा लावला. समोरच्याचा डावा म्हणजे आपला उजवा, एवढं मला कळतं. तरी मी उठून भिंतीकडे पाठ केली, स्वतः पाषाण झाले, हात पसरले आणि ताडून पाहिलं. डावीच. म्हणजे नाही. म्हणजे आईने घाटकोपरलाच राहायचं. आणि कहर म्हणजे पाकळी पडल्या पडल्या, गुरवाने तोंड उघडायच्या आत, व्हिडिओ संपला. बरोबर तिथेच! भावाला विचारलं तर म्हणे, फोनमधली जागा भरली, सुप्रभातच्या चित्रांनी. मला त्या क्षणी असा राग आला की हातातली वाटी मी सिंकमध्ये आदळली. फ्लॅटसाठी माणूस भावंडांना फसवतो, हे मी ऐकून होते. देवालाही फसवतो?

मी अगदी हेच त्याला लिहून पाठवलं. शिवाय काही जास्त.

उत्तर म्हणून नुसता एक व्हिडिओ आला. हा त्याच्या फोनवरचा होता. आमच्या मामेभावाने बाजूला उभं राहून मागच्या कॅमेऱ्याने काढलेला. तेच देऊळ, तोच कौल, तेच गाऱ्हाणं. आणि पाकळी पडली ती देवाच्या उजव्या अंगाची. गुरवाचा आवाजही होता, "उजवो कौल दिलो देवान!"

मला वाटलं, यानेच काहीतरी केलं. हल्ली काहीही करता येतं. मी नवऱ्याचा फोन घेतला, एकावर तो व्हिडिओ लावला, एकावर हा, आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. कुठेतरी खोट सापडेल म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यातून बघायला लागले. समई, घंटा, गुरवाचं उपरणं. मग माझी नजर पहिल्यांदा आईवर गेली.

भावाच्या व्हिडिओत आईचा पदर डाव्या खांद्यावर होता, जन्मभर असतो तसा. आईच्या फोनवरच्या व्हिडिओत तो उजव्या खांद्यावर. घाटकोपरला इतकी वर्षं काढूनही आई काही गुजराती झालेली नव्हती. आई रोज नातवंडांना तोंड दाखवायला पुढचा कॅमेरा लावायची, म्हणून तिचा फोन उघडायचा तो पुढच्याच कॅमेऱ्यावर. भावाने तो तसाच खांबाला टेकवला होता. आणि माझ्या लाडक्या कंपनीचा पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं टिपून तसंच ठेवतो. देव उलटा, पदर उलटा, कौल उलटा. भाऊ खरं बोलला होता. पुनर्विकासाचं मात्र मी अजून सोडलेलं नाही.

पण मी फोन बाजूला ठेवले नाहीत, कारण आता मला आईचा चेहरा दिसला होता. माझ्या कंपनीच्या फोनमध्ये तो गुळगुळीत होता, त्यावरून काहीच कळत नव्हतं. भावाच्या फोनमध्ये प्रत्येक सुरकुती जागच्या जागी होती. पाकळी पडते, गुरव ओरडतो, आणि आई आधी त्याच्याकडे बघते, खात्री करून घेतल्यासारखी. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकते. हात काढते तेव्हा ती हसत असते, आणि डोळे पुसत असते. सुटल्यासारखी. परीक्षा संपलेलं मूल दिसतं तशी.

मी तिला फोन लावला. म्हटलं, "तुला जायचंच होतं?"

ती म्हणाली, "न्हाणयेत पडलंय गो मी एकदा. तुका हाक मारलंय. तू भाजी घेऊक गेल्लंस. मगे आपलीच उठलंय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू समोर ऱ्हवतंस. तुका वायट वाटला असता."

हॉलमध्ये ठेवलेले दोन फोन, लोटलेलं दार, आतून येणारी हाक, आणि उचलल्यावर मी हसत विचारलेलं "काय झालं?" हे सगळं मला ओट्यापाशी उभ्या उभ्या ऐकू आलं. मी भावावर संशय घेतला, फोनांवर घेतला, देवाच्या पाकळीवरसुद्धा घेतला. आईच्या "बरी आसंय मी"वर एकदाही घेतला नाही.

परवा बोरिवलीहून तिचा फोन आला. मी विचारलं, बरी आहेस ना. ती म्हणाली, बरी आसंय. मी म्हटलं, तुझ्या सूनबाईला फोन दे जरा.