उताराचं गाऱ्हाणं

दत्ताराम ड्रायव्हरला समुद्राचं भय नव्हतं. बापाच्या होडीवर वाढलेला माणूस, वाऱ्यावावधानात वल्हं मारताना गाणी म्हणायचा. पण मालवणहून कुडाळला जाताना वडाची घाटी लागायची, आणि तिच्या पायथ्याशी आलं की या गड्याच्या तळहातांना घाम सुटायचा. लोक हसत. हसोत बापडे! भरली गाडी चढणीवरून मागे मागे जाताना ज्याने पाहिली नाही, त्याचं हसायला काय जातं?

झालं होतं ते असं. अठ्ठावन्न साली दत्ताराम एका शेठची जुनी टॅक्सी चालवायचा. सकाळी कचेरीतले कारकून, एखादा मास्तर आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया कुडाळला सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. एके दिवशी भर चढणीवर गाडीने मान टाकली. ब्रेक दाबूनही ती मागे सरकायला लागली. मागे वळण, वळणाखाली खोल मळा. तेवढ्यात मासे विकणारी कृष्णाबाई दार उघडून खाली उतरली, कडेचा एक जांभा दगड उचलून तिने चाकामागे सारला, आणि गाडी थांबली.

तेव्हापासून घाटी आली की कृष्णाबाई खाली उतरायची आणि तोच दगड हातात घेऊन गाडीमागून चालत वर यायची. माथ्यावर पोचली की दगड पायाशी ठेवून पुन्हा बसायची. "तुजी गाडी म्हातारी, झिला," ती म्हणायची, "माजे पाय अजून तरणे आसत."

पुढे शेठने धंदा मोडला आणि दत्तारामने स्वतःची जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. विकायला होत्या दोन. मालवणातल्या एका डॉक्टरांची लहान इंग्लिश गाडी. दिसायला टीचभर, पेट्रोल अगदी बेताने पिणारी. दुसरी सावंतवाडीच्या एका जमीनदाराची अमेरिकन. होडीएवढी लांब, ताकद अफाट आणि तहानही अफाट.

"ती लहानच घेवा," त्याची बायको तुळसा म्हणाली. "रोज जावचा-येवचा. त्या हत्तीक खावक खंयसून घालतलास?"

"आणि घाटीत थांबली तर गो?"

"माणसा उतारतली नि चलत जातली. कृष्णामावशी जाता ती काय मेली?"

बोलणं खरं होतं. पण भ्यालेल्या माणसाला खरं बोलणं रुचत नाही, त्याला धीर देणारं बोलणं हवं असतं. दत्ताराम उठला आणि थेट रवळनाथाच्या देवळात गेला, कौल लावायला.

शिवा गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे दत्तारामच्या वतीने देवापुढे मागणं मांडलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक मोठी गाडी घाटी चढवून सुखरूप वर नेतली आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्ताराम डोळे मिटून म्हणाला. उजवी पाकळी टपकन पडली, म्हणजे देवाचा होकार.

देवाने खोटं काही सांगितलं नाही. अमेरिकन गाडी वडाची घाटी अशी चढली, जशी आपण घराची पायरी चढतो. दत्तारामचा घाम थांबला. कृष्णाबाई आता खाली उतरेना. सवयीने दगड तेवढा पायाशी ठेवायची.

पण पोसायला घेतलेला हत्ती खातोच. दिवसाची अर्धी कमाई पेट्रोलातच जिरायला लागली. मग इतर ड्रायव्हर करायचे तेच त्याने सुरू केलं. परतीला माथ्यावर आलं की इंजिन बंद, गियर न्यूट्रल, आणि ब्रेकवर पाय ठेवून खालपर्यंत घरंगळत यायचं. फुकटचा उतार! आणि उताराचं त्याला कधी भय वाटलंच नव्हतं, हीच तर चूक.

एका संध्याकाळी गाडी ठासून भरली होती. तुळसाही मागे बसली होती, बाजार करून आलेली. माथ्यावर दत्तारामने इंजिन बंद केलं. गाडी घरंगळू लागली. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसऱ्यावर मऊ लागला, नि मग पायाखाली गेलाच. तापलेल्या ब्रेकचा वास गाडीभर पसरला. त्याने गियर टाकायला पाहिलं. तो करकरला, पडेना. हातब्रेक ओढला, त्या धुडाला त्याचं काय! पुढच्या वळणावर एक बैलगाडी, गाडीत गवतावर बसलेली दोन पोरं. मागून तुळसाने एकदाच "अवो!" म्हटलं.

त्याने आपल्या बाजूने गाडी दरडीला घासली. पत्रा फाटत गेला, वेग मोडला, पण गाडी थांबेना. तेव्हा पुढे बसलेल्या कृष्णाबाईने दार उघडलं, दगड घेऊन उडी टाकली आणि पळत तो पुढच्या चाकाखाली सारला. चाक दगडावर चढलं, दगड सरकला, गाडी थांबली. बैलगाडी हातभर अंतरावर होती. कृष्णाबाईचं पाऊल दगडाखाली होतं.

ती बरी झाली. पाऊल मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं. दत्ताराम तिच्या खाटेशी बसून ढसाढसा रडला. "देवान उजवो कौल दिल्लो गो, मावशे."

"देवाक तू चढणीचा इचारलंस," ती म्हणाली. "उताराचा गाऱ्हाणा कोणी घातलानी?"

अमेरिकन गाडी भंगारात गेली आणि डॉक्टरांची अजून न विकलेली लहान गाडी दारात आली. ती घाटी कण्हत चढते. सगळे उतरून चालतात, एकटी कृष्णाबाई सोडून. तिला आता चालवत नाही. परतीला माथ्यावर आलं की ती वाकते, पायाशी ठेवलेला तोच दगड उचलून मांडीवर घेते आणि पायथा येईपर्यंत दाराच्या कडीवरचा हात काढत नाही. इंजिन चालू असतं, गाडी पहिल्या गियरमध्ये असते, आणि दत्तारामच्या तळहातांना घाम सुटलेला असतो.