आधी अण्णांची बाजू

अण्णा काल सकाळी वारले.

माझ्या घरात. त्यांच्या नाही.

आयुष्यभर त्यांनी सरकारला एकच प्रश्न केला, "मला विचारलं होतं का?" त्या माणसाला मी न विचारता जयनगरच्या त्यांच्या घरातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला आणलं होतं.

अण्णा माझे मामा. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. मी चाळिशी ओलांडली तरी त्यांच्यासाठी पुट्टीच, म्हणजे छोटी पोरच, राहिले.

स्प्रिंग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं त्यांचं. तरुणपणी एक मशीन बाहेरून मागवायचं होतं. त्याच्या लायसन्ससाठी तीन वर्षं दिल्लीच्या खेपा घातल्या. लायसन्स हातात आलं तेव्हा कंपनीने ते मॉडेलच बंद केलं होतं.

दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात वाद रंगायचा. अण्णा, मी, आणि मूर्ती. मूर्ती त्यांच्याच वर्कशॉपमधले जुने फोरमन, पक्के युनियनवाले. येताना कडबोळ्यांसारख्या कोडुबळ्यांचा पुडा आणायचे आणि मालकाशी भांडायचे.

नियम एकच होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची. तो "सरी", म्हणजे बरोबर, म्हणाला, की मगच आपली.

मी सुरू करायचे, "अण्णांचं म्हणणं असं, की सरकारने चोर पकडावेत, करार मोडणाऱ्याला कोर्टात उभं करावं. कुणी काय खावं, काय विकावं, कुणाशी लग्न करावं, यात पडू नये."

"स्वल्प राहिलं."

"आणि दुसऱ्या देशांच्या भानगडीतही पडू नये."

"सरी. आता बोल."

मग मी बोलायचे. सरकारी दवाखाना नको का? रेशन नको का?

"दवाखाना असू दे की. तिथंच जा म्हणणारा शिपाई नको."

"आणि पेपर वाचायला सरकारी लायब्ररीतच जाता ते?"

"टॅक्स भरलाय, पुट्टी. पेपर माझाच आहे. ते नुसता सांभाळतात."

सीमेवर तणाव वाढला की आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळेच सेनापती होतात. अण्णा तिथे एकच ओळ टाकायचे. "ज्यांना एका मशीनचा कागद द्यायला तीन वर्षं लागली, ते तीन दिवसांत युद्ध उरकणार म्हणे." एका भाच्याने त्यावरून त्यांच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

मूर्ती एकदा चिडून म्हणाले, "शेजारच्या घरात मारहाण चाललीय, तर आपण गप्प बसायचं?"

"दार वाजव. कुणी पळून आलं तर आपल्या घरात घे. पण त्यांच्या भल्यासाठी म्हणून दार तोडून आत शिरलास, तर तूच तिथला मालक होतोस. मग निघता येत नाही."

मला हे पूर्ण पटलं नव्हतं. अजूनही नाही.

गेल्या वर्षी अण्णा बाथरूममध्ये पडले. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. दोन तास तसेच पडून होते. मूर्तींकडे दुसरी किल्ली होती म्हणून कळलं तरी.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर मी त्यांना कॅबमध्ये बसवलं. गाडी जयनगरकडे वळली नाही.

"पुट्टी, हा रस्ता आपला नाही."

"तुमच्या भल्यासाठीच आहे, अण्णा."

मूर्ती पुढच्या सीटवर होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवशी मी त्यांची बाजू मांडली नाही. गडबडीत नियम विसरले, असं नंतर लोकांना सांगितलं.

विसरले नव्हते. मांडली असती तर गाडी वळवावी लागली असती.

माझं घर अकराव्या मजल्यावर. कुणी भेटायला आलं की गेटवरून माझ्या फोनवर विचारणा येते, मी हो म्हटलं की आत सोडतात. एका शनिवारी मूर्ती मेट्रो बदलून, गुडघे सांभाळत आले. मी मीटिंगमध्ये होते, फोन सायलेंटवर. पाऊण तास उभे राहिले आणि पुडा गार्डकडे ठेवून परत गेले.

संध्याकाळी तो पुडा मी अण्णांच्या हातात दिला.

"मूर्ती कुठाय?"

सांगितलं.

"म्हणजे इथं सरकार नाही, पण लायसन्स आहे."

"नियम सोसायटीचे आहेत, अण्णा. माझे नाहीत."

"फोन तुझा आहे ना?"

गेटच्या अ‍ॅपमध्ये अण्णांचा नंबर टाकायचा, की विचारणा त्यांनाच गेली असती. दोन मिनिटांचं काम. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. मूर्ती पुन्हा आले नाहीत.

सुरुवातीला अण्णा दर शनिवारी म्हणायचे, "मला घरी सोड." मी म्हणायचे, "डॉक्टरांना विचारू." पुढे त्यांनी म्हणणं बंद केलं. मी सगळ्यांना सांगितलं, अण्णा इथं छान रमलेत.

काल त्यांना आधी जयनगरला नेलं. मूर्तींनी दार उघडून ठेवलं होतं. व्हरांड्यात ठेवलं, नेहमीच्या खुर्चीशेजारी.

मी मूर्तींना म्हटलं, "अण्णांचं म्हणणं असं होतं, की पडलो तर पडेन, पण माझ्या घरात. मरणाची भीती नाही. माझं दुसऱ्या कुणी ठरवण्याची आहे. काळजी वाटते तर येऊन बस. उचलून नेऊ नकोस."

मग विचारलं, "बरोबर मांडलं ना?"

मूर्तींनी ती खुर्ची जरा जवळ ओढली.

"मला नको विचारू, अक्का. सरी म्हणायचं ते त्यांनी."

अण्णा, माझीही एक बाजू आहे. दोन तास फरशीवर पडलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं, हे मला आजही कळत नाही.

पण ती आज मांडत नाही. तुम्ही अजून सरी म्हणाला नाहीत.

निघा आता, अण्णा. हा रस्ता तुमचा.

तुमची पुट्टी