सईची दाढ आणि आमचं गुपित

"दुधाची दाढ आहे, पण कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलीय. रूट कॅनाल करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि चारचौघांत कुणाला बोलू न देणारी मी खुर्चीकडे बघत राहिले.

खुर्चीत माझी नात सई, पाच वर्षांची, गाल सुजलेला. शेजारी माझी सून मानसी. ती पाली गावच्या शाळेत शिकवते, म्हणून दिवसभर सई माझ्याकडे.

दुधाचे दात पडायचेच, काढून टाका की, असं मी सुचवून पाहिलं. पण डॉक्टर म्हणाल्या, ही दाढ दहाव्या वर्षापर्यंत पक्क्या दाताची जागा धरून ठेवते. उपचाराचं नाव पल्पेक्टॉमी. आतला सडलेला भाग काढून मुळांत औषध भरायचं, वर स्टीलची टोपी. ते औषध पुढे मुळांबरोबर विरघळतं.

"झोपताना गोड खाते का?" त्यांनी विचारलं.

"छे, घरात चॉकलेटसुद्धा नाही," मानसी म्हणाली. मी छताचा पंखा बघत बसले.

आमची आंब्याची कलमं. मे महिन्यात रस उन्हात वाळवून आंबापोळी करायची, ती वर्षभर पुरवायची. आमच्या हिशेबी ती फळातच जमा! दुपारी सईला झोपवताना मी गोष्ट सांगते. राक्षस मी, राणी मी, घोडासुद्धा मीच. त्या खेळाचं तिकीट म्हणून आंबापोळीचा तुकडा सईच्या गालात. तो चघळतच ती झोपायची. "आईला सांगायचं नाही हां, आपलं गुपित," अशी कुजबुजही मी साग्रसंगीत करायची.

पुढे ती एकाच बाजूने चावू लागली. मला वाटलं, नखरे. मी तिच्या वाकड्या चावण्याची नक्कल करून शेजारणींना हसवलं. पोर दुखणं लपवत होती, आणि मी त्यावर टाळ्या घेत होते.

उपचाराच्या दिवशी सईने ओठ घट्ट मिटले. असंच राहिलं तर कोल्हापूरला नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"आजी, त्यांना दाढेत आंबापोळी दिसेल गो."

मी उभी राहिले.

"डॉक्टर, रोज दुपारी आंबापोळी मीच देते. ती गालात धरून झोपते. हिचा दोष नाही."

मानसीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुठल्याच गोष्टीत सांगणार नाही. सईने मात्र तोंड उघडलं.

सुई टोचतानाचं थोडं रडणं सोडलं तर सगळं नीट झालं. रिक्षात मानसीने सईला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, गोष्टी बंद करू नका. पोळी बंद." माझ्या वाट्याला आलेलं हे औषध मी निमूट घेतलं.

घरात लहान मूल असेल तर चिकट गोडाला फळ समजू नका, झोपण्याआधी दात घासून घ्या, आणि एका बाजूने चावताना दिसलं तर हसू नका, तोंडात बघा.

आता गोष्टीआधी सई आपणहून आ करते. मी टॉर्च मारते. आत टोपी लख्ख चमकते, आणि मग मी राक्षसाचा आवाज काढते.